पहाटेचे चार थेंब: साताऱ्यातल्या एका होज क्लिपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दहा वर्षांची डिझेल हॅचबॅक, 1 लाख 12 हजार किलोमीटर चाललेली. मालक निवृत्त शिक्षक, गोडोलीत राहणारे. गॅरेजात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. महिन्यातून एकदा पुण्याला लेकीकडे, एरवी मंडई, बँक, आणि पाहुणे आले की कास. गाडी जपून चालवणार आणि प्रत्येक पावती तारखेप्रमाणे फाइलला लावणार. अशा गिऱ्हाइकाचं काम चुकलं की जास्त बोचतं, आणि हे काम आमच्याच हातून चुकलं.

ऑक्टोबरच्या अखेरीस गाडी आली ती वॉटर पंपासाठी. पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, झिरपत होतं, बेअरिंगही गुणगुणत होतं. त्यात शंकेला जागा नव्हती. पंप बदलला, इंजिन उघडलंच आहे म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, आणि रेडिएटरच्या वरच्या-खालच्या दोन्ही होज, म्हणजे रबरी नळ्या, त्याही नव्या टाकल्या. जुन्या होज दाबल्या की आतून कुरकुर आवाज येत होता, म्हणजे त्यांचे दिवस भरलेच होते.

या गाडीला कंपनीतून चारही ठिकाणी स्प्रिंग क्लिपा येतात. पोलादी पट्टीचं कडं आणि त्याला दोन कान. कान एकमेकांकडे चिमटले की कडं फाकतं, सोडले की आवळतं. स्क्रू नाही, काही नाही. दिसायला अगदी किरकोळ वस्तू, पण काढताना नीट अवजार नसेल तर घाम फोडते. कान निमुळते असतात, साध्या पकडीचे जबडे त्यांवर तिरके बसतात आणि ऐन फाकलेल्या क्षणी सटकतात. मग क्लिप कुठे उडेल याचा नेम नाही. एकदा एक माझ्या भुवईवर बसली आहे, तेव्हापासून मी चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावत नाही.

आमच्या पोराने साधी पक्कडच वापरली. चारपैकी एक क्लिप उडून पुढच्या क्रॉस मेंबरच्या पोकळीत गेली ती गेलीच. दुसरीचा कान त्याने स्क्रू ड्रायव्हरने उचकताना वाकवला. मी शेजारच्या गाडीखाली होतो. त्याने विचारलं, "दादा, जुबली मारू का चारी?" जुबली म्हणजे स्क्रू फिरवून आवळायची पट्टीची क्लिप. मी म्हटलं, "मार."

या प्रकरणातला पहिला निर्णय हाच. निर्णय घेतोय हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

अडचण

डिसेंबरच्या मध्याला गुरुजींचा फोन आला. "मिस्त्री, कूलंटच्या बाटलीतलं पाणी कमी होतंय. आणि पहाटे गाडीखाली थेंब दिसतात, थंडी असली की." मी म्हटलं, "दुपारी घेऊन या, सकाळी गर्दी असते."

दुपारी तीनला ते गाडी चालवत आले. इंजिन गरम. बॉनेट उघडून सगळे जोड बघितले, सगळं कोरडं. गाडी जरा निवू दिली, झाकण काढून प्रेशर टेस्टर लावला आणि एक किलो दाब दिला. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. कूलंट भरलं, आणि हात रिकामा परत कसा घ्यायचा म्हणून चारी जुबली क्लिपांना अर्धा-अर्धा आटा दिला. गुरुजींना सांगितलं, कुठेतरी हवा राहिली असेल, ती निघाली म्हणून पातळी उतरली.

पुढचे आठ दिवस थेंब पडला नाही. मला वाटलं, आट्याचा गुण. तसं नव्हतं. त्या आठवड्यात आभाळ भरून होतं, आणि ढग असले की आपल्याकडे रात्रीची थंडी पळते. आभाळ मोकळं झालं, पहाटेचा पारा पुन्हा उतरला आणि थेंबही परत आले.

मग जे व्हायला नको ते झालं. नाताळच्या सुट्टीत गुरुजी पुण्याहून परतत होते. पुण्याला जाताना बोगदा होता, येताना मात्र खंबाटकीचा घाट चढावाच लागला. पुढे रांगेत मालट्रक, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, आणि बाटलीतलं पाणी आधीच खालच्या रेघेच्या खाली. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा वर सरकू लागला. गुरुजींनी शहाणपणा केला: एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद, आणि पाऊण तास झाकणाला हात लावला नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडणं म्हणजे शिट्टीआधी कुकर उघडणं. आतलं पाणी शंभराच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं, दाब सुटला की ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. गाडी निवल्यावर त्यांनी पिण्याच्या बाटलीतलं पाणी घातलं आणि सावकाश सातारा गाठलं.

वाटेत एका गॅरेजवर त्यांनी दाखवलं. तिथे निदान मिळालं: हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, हेड खोलावं लागेल, पंचवीस-तीस हजार धरा.

दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्यापुढे उभे. आवाज चढलेला नव्हता. पिशवीतून त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांची घडी काढली आणि टेबलावर पसरली. रोज रात्री ते गाडीच्या पुढच्या भागाखाली कागद अंथरत होते. पुढच्या डाव्या चाकाची जागा पेनने आखलेली. जिथे थेंब पडला तिथे गोल, गोलाशेजारी वेळ. 5.40. 6.10. 6.35. रात्री बाराच्या आत एकही नाही, आणि ऊन आल्यावर नऊनंतर एकही नाही. एका पहाटे चार गोल होते, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: "आज फार गारठा."

"मी पहिल्याच फोनला सांगितलं होतं," ते म्हणाले. "थंडी असली की."

मी फक्त *कुठे* गळतंय ते शोधत होतो. *केव्हा* गळतंय ते त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि मी त्यांना दुपारची वेळ दिली होती.

कोणते पर्याय होते

*हेड खोलणं.* गाडी तापली होती, त्यामुळे हा संशय उडवून लावण्यासारखा नव्हता. पण खोलण्याआधी बघण्यासारखं बरंच असतं. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखी साय नव्हती. धुरांड्यातून पांढरा, गोडसर वासाचा धूर नव्हता. गार इंजिन चालू केल्याबरोबर वरची होज दगडासारखी ताठ होत नव्हती, बाटलीत बुडबुडे नव्हते. शेवटी निळं द्रावण लावून बघितलं. ज्वलनातला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर त्याचा रंग बदलतो. निळं ते निळंच राहिलं. शिवाय हेड गॅस्केट घड्याळ बघून गळत नाही.

*गळती बुजवणारं औषध रेडिएटरमध्ये ओतणं.* थोडक्या पैशांत सुटका होते, म्हणून गिऱ्हाइकालाही आवडतं. पण ते भोक आणि नळी यांत भेद करत नाही. हीटरच्या बारीक नळ्या आधी तुंबतात. हा पर्याय मी बाजूला ठेवला.

*क्लिपा आणखी आवळणं.* पोराचं म्हणणं हेच होतं. मोह मलाही झाला, कारण मागच्या वेळी "गुण आला" होता. पण रेडिएटरच्या टाकीचं तोंड, ज्यावर होज चढते ते, प्लास्टिकचं, काचतंतू घातलेलं नायलॉन. जुबलीच्या स्क्रूला आटे इतके बारीक असतात की मनगटाच्या साध्या जोरालाही पट्टी फार मोठ्या ताकदीने आवळते. लोखंडी तोंड ते सोसतं, प्लास्टिकचं तोंड तडकतं. आणि तडकलं की सगळा रेडिएटर.

*गाडी रात्रभर ठेवून घेऊन गार असतानाच तपासणं.* यात खर्च काही नव्हता, फक्त कोणीतरी पहाटे उठायला हवं होतं. हे पहिल्याच खेपेला करायला हवं होतं.

काय केलं

गाडी रात्री गॅरेजच्या अंगणात उघड्यावर ठेवली, मुद्दाम. सकाळी साडेसहाला मी आणि पोरगा, दोघेही कानटोपी घालून, बॅटरी घेऊन खाली झोपलो. इंजिन चालू केलं नाही. टेस्टर लावला, एक किलो दाब दिला. दोन मिनिटांत काटा हलला. खालच्या होजच्या रेडिएटरकडच्या टोकाला, क्लिपच्या स्क्रूच्या बरोबर विरुद्ध बाजूला, एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. दुपारी पंधरा मिनिटं हाच जोड कोरडा होता.

असं का होतं? रबर तापलं की पोलादापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. गरम असताना होज क्लिपच्या आत फुगून बसते आणि जोड स्वतःच घट्ट होतो. पण गरमीत आवळून राहिलेलं रबर हळूहळू दबतं आणि तसंच बसतं, पूर्ण परत येत नाही. मग पहाटे होज आकसते, प्लास्टिकचं तोंडही किंचित आकसतं, आणि जुबलीचं कडं मात्र स्क्रूने जिथे थांबवलं तिथेच थांबलेलं असतं. केसाएवढी फट पडते. स्प्रिंग क्लिप अशा वेळी आकसलेल्या रबराच्या मागे मागे येते. तिचं कामच ते.

आणि खालचीच होज का, याचंही कारण आहे. बाटली वर, होज तळाशी, त्यामुळे उभ्या गाडीतही पाण्याचा भार तिच्यावर. शिवाय गाडी चालू केल्यावर थर्मोस्टॅट ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास उघडतो, तोवर खालची होज गारच असते. आत दाब चढू लागलेला आणि जोड मात्र अजून आकसलेला. घरातून निघाल्यावरच्या पहिल्या काही किलोमीटरांत गळणारं पाणी गुरुजींच्या कागदावर पडतच नव्हतं. कागदावर थेंब मोजके, पण बाटली मात्र झपाट्याने उतरत होती, त्याचं उत्तर इथे मिळालं.

कूलंट खाली काढून क्लिप सोडली. होज दोन महिन्यांची, पण पट्टीच्या चिरांमधून रबर खवल्यांसारखं वर आलेलं आणि दोन ठिकाणी कापलेलं. क्लिप बसवली होती तीही अर्धी तोंडाच्या कंगोऱ्यावर चढवून. कंगोरा म्हणजे तोंडाच्या टोकाजवळची उंचवटा आलेली कड. क्लिप त्याच्या मागे, सपाट भागावर बसायला हवी. कंगोऱ्यावर बसली तर पट्टी एका बाजूला टेकते आणि दुसऱ्या बाजूला नुसती दिसायला घट्ट असते.

होज उतरवल्यावर तिसरी गोष्ट दिसली. तोंडावर एक ओरखडा, टोकापासून मागे उभा गेलेला, नखाला लागत होता. मी पोराकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. ऑक्टोबरमध्ये जुनी होज चिकटली होती, तेव्हा त्याने स्क्रू ड्रायव्हर आत घालून उचकली होती. गोलाकार ओरखडा एक वेळ चालतो, पण आतून बाहेर जाणारा ओरखडा म्हणजे पाण्याला काढून दिलेला पाट.

चिकटलेली होज टाकूनच द्यायची असेल तर सोपं असतं: धारदार पात्याने लांबीच्या दिशेने वरवर चीर द्यायची, तोंडाला पातं लागू द्यायचं नाही, आणि साल सोलावी तशी सोलायची. परत वापरायची असेल तर ओढायची नाही, आधी पिळायची. फडकं गुंडाळून रुंद जबड्याच्या पकडीने जागच्या जागी फिरवली की चिकटा सुटतो, मग ती हाताने निघते. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. पोराला सांगायचं राहिलं होतं.

पुढचा प्रश्न रेडिएटरचा. बदलायचा की ठेवायचा? तडा नव्हता. भिंगातून बघितलं, टोकाशी कुठे पांढरी रेघ नव्हती. म्हणून ठेवायचं ठरवलं. बारीक वॉटर पेपर ओला करून तोंडाभोवती गोल गोल फिरवला, ओरखड्याच्या दिशेने नाही. नखाला लागायचा बंद होईपर्यंत, त्यापुढे एकही फेरा नाही. तोंडावर जमलेला पांढरट-हिरवट खार पुसून काढला.

होज पुन्हा नवी घेतली. क्लिपांसाठी मात्र थांबावं लागलं. स्थानिक दुकानदाराने एक काढून दिली, "साधारण बसेल हो." ती एक माप मोठी होती. स्प्रिंग क्लिपला "साधारण" चालत नाही. तिला फिरवून घट्ट करता येत नाही, मापाची असेल तरच तिचा दाब बरोबर येतो. होज तोंडावर चढवून बाहेरून व्हर्नियरने माप घेतलं, जुन्या क्लिपच्या कानाजवळ ठोकलेला आकडा बघितला आणि त्याच मापाच्या चार पुण्याहून मागवल्या. दोन दिवस गेले. गुरुजी तेवढे दिवस स्कूटरवर फिरले.

बसवताना कान कुठल्या दिशेला ठेवायचे यावर पाच मिनिटं गेली. ऑक्टोबरमध्ये काढण्याआधी फोटो घेतलेला नव्हता. नशिबाने त्याच मॉडेलची दुसरी गाडी कामाला उभी होती. खाली वाकून बघितलं तर कान तिरके खाली होते, खालून अवजार पोचेल असे आणि पंख्यापासून लांब. तसेच ठेवले.

तोंडावर कूलंटचं ओलं बोट फिरवलं. ग्रीस नाही, ऑइल नाही. कूलंटच्या होज बहुतेक ईपीडीएम रबराच्या असतात, त्यांना तेल लागलं की त्या फुगून मऊ पडतात. शेलॅक किंवा सिलिकॉनही नाही. आमच्याकडे काही मिस्त्री "खात्रीसाठी" लावतात, पण त्याचे तुकडे आत सुटतात आणि पुढच्या वेळी होज निघता निघत नाही. होज पूर्ण ठेपेपर्यंत चढवली. क्लिप आधीच फाकवून लॉकच्या पकडीत धरून ठेवली होती. ती होजच्या टोकापासून चारेक मिलिमीटर आत आणि कंगोऱ्याच्या मागे आणून सोडली. टक्क.

मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू, बुडबुडे थांबेपर्यंत वाट. खालची होज हाताला गरम लागली, पंखा दोनदा लागला-सुटला, तेव्हा थर्मोस्टॅट उघडून पाणी फिरतंय याची खात्री झाली.

निकाल

गाडी आणखी एक रात्र अंगणात ठेवली. पहाटे तोच टेस्टर, तोच दाब, या वेळी अर्धा तास. जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळला होता, तो कोरडा निघाला.

बिलाचं काय करायचं यावर मला फार विचार करावा लागला नाही. होज, क्लिपा, मजुरी आमची. कूलंटचे पैसे गुरुजींनी हट्टाने दिले, म्हणाले, "पाणी माझ्या गाडीत राहणार आहे." हेडची तपासणीही मी बिलात धरली नाही. ती वेळ यायला मीच कारण होतो.

जानेवारीत ते पुण्याला जाऊन आले. खंबाटकीत काटा निम्म्यावर स्थिर. महिनाभराने बाटलीतली पातळी मी खडूने केलेल्या खुणेवरच होती.

पुन्हा असं आलं तर

क्लिप बदलली, होज बदलली आणि तोंडही घासलं, सगळं एकाच दमात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने बरोबर. पण तिन्हीपैकी खरा दोषी कोण, याचा निवाडा त्यामुळे करता येत नाही. आधी फक्त क्लिप बदलून एक पहाट बघितली असती तर आमच्या ज्ञानात भर पडली असती. गुरुजींची गाडी प्रयोगासाठी आणखी दोन दिवस अडकवणं मात्र मला पटलं नाही, आणि आजही पटणार नाही.

जुबली क्लिपला मी या प्रकरणाने शिव्या घालायला लागलो, असं नाही. ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन यांनी 1921 साली पेटंट घेतलेली ही क्लिप शंभर वर्षांनीही टिकून आहे ती उगाच नाही. जुनी जीप, ट्रॅक्टर, शेतातला पाण्याचा पंप, जिथे तोंड लोखंडी आणि होज जाड, तिथे ती चोख काम करते. प्रवासात होज सुटली तर डिकीत दोन जुबली आणि एक स्क्रू ड्रायव्हर असावा, हे मी गुरुजींनाही सांगितलं. फक्त ती लावली तर काही दिवसांनी, इंजिन पूर्ण *गार* असताना, एकदा तपासून घ्यायची. मी डिसेंबरमध्ये आटा दिला तो गरम, फुगलेल्या रबरावर. त्याने घट्टपणा वाढला नाही, फक्त रबर कापलं गेलं.

गॅरेजात दोन बदल झाले. स्प्रिंग क्लिपची केबलवाली पक्कड आणली. वायरच्या टोकाला जबडा असतो, अडचणीच्या जागी हात न घालता क्लिप फाकते आणि लॉक होते. किंमत ऐकून मी वर्षभर टाळत होतो. या एका कामात जेवढं गेलं त्यात ती दोनदा आली असती. दुसरं, तक्रारीच्या कागदावर "केव्हा" असा एक रकाना वाढवला. गरम असताना, गार असताना, चढावर, एसी लावल्यावर. पोरगा तो भरतो. काढलेल्या क्लिपा आता तो बिस्किटाच्या डब्यात, जागेची चिठ्ठी लावून ठेवतो, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतो. हे मी सांगितलं नव्हतं.

गुरुजींनी कागद अंथरणं मार्चपर्यंत चालू ठेवलं. त्यांचा आमच्यावर विश्वास बसला नव्हता अशातला भाग नाही, सवय लागली होती. सर्व्हिसला आले तेव्हा शेवटची घडी त्यांनी टेबलावर ठेवली. एका कागदावर अजूनही एक गोल होता, पहाटे 5.15 चा. माझ्या पोटात गोळा आला. चष्मा लावून शेजारचं अक्षर वाचलं: "मांजर."